पापाच्या यादीतली बारा आण्यांची मजुरी

आपल्या डहाणू-तलासरीत पाप म्हटलं की बोट कुणाकडे जातं हे इथल्या माणसाला सांगायला नको. वारली ताडी पितो, जंगलातलं लाकूड चोरतो, उचल घेऊन पळून जातो. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत मी हे ऐकत आलोय. पापाचा हिशेब मांडायचाच, तर ज्या धर्माने त्याची फार बारीक वर्गवारी केली त्या ख्रिस्ती धर्माची पट्टी लावून बघू. ती आपल्याला परकी नाही, तलासरीचं ज्ञानमाता सदन सगळ्यांच्या माहितीचं आहे. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

आधी एक शब्द. येशूची बोली अरामी. त्या भाषेत पाप आणि कर्ज या दोन्हींना एकच शब्द आहे, होबा. म्हणूनच मत्तयच्या सहाव्या अध्यायातल्या प्रार्थनेत देवाकडे मागणं आहे ते ऋण सोडण्याचं. मराठी बायबलमध्येही तिथे ‘ऋण’च आहे. आणि त्याला जोड अशी की आम्हीसुद्धा आमच्या ऋणकोंना सोडलंय. हे आत्म्याचं कर्ज आहे असं चर्चमध्ये सांगतात, ते बरोबरच आहे. पण मोशेच्या नियमशास्त्रात दर सातव्या वर्षी खरंखुरं, पैशाचं कर्ज सोडायला सांगितलंय, हे जरा कमी वेळा सांगितलं जातं.

आता आपल्याकडचं कर्ज बघा. लग्नासाठी वारल्याने सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायला बांधली जायची. त्याला नावच होतं, लग्नगडी. काम किती केलं, व्याज किती झालं, हे मालकाच्या वहीत. वही वारल्याला वाचता येत नव्हती. वर वेठ वेगळी. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांनी या सगळ्याचा अहवाल लिहिला, तो १९३९ मध्ये छापून झाला. मारहाण, वेठ, बायकांवरचे अत्याचार, सगळं त्यात होतं, तेही कुणा चळवळ्याच्या नाही तर सरकारच्याच माणसाच्या हातचं.

२३ मे १९४५ ला झरीला, म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यात, हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे आले होते. तिथे ठरलं की वेठ करायची नाही आणि रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. बारा आणे! एवढ्याशा मागणीने सगळा तालुका हादरला.

इथे मला कॅथलिक शिकवणीतली एक जुनी यादी आठवते. काही पापं अशी मानली आहेत की ती स्वर्गाकडे ओरडून न्याय मागतात. पहिलं खुनाचं, कारण हाबेलचं रक्त जमिनीतून ओरडलं. त्याच यादीत, त्याच रांगेत, मजुराची मजुरी बुडवणं आहे. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरीच आरोळी ठोकते असं म्हटलंय. ताडी या यादीत नाही. दारू पिऊन धुंद होणं चर्चलाही पापच वाटतं, ते मी लपवत नाही. पण खुनाच्या शेजारी बसवलंय ते मजुरी बुडवण्याला. लाकडाचं म्हणाल, तर तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने लिहून ठेवलंय की जीव जायची पाळी आल्यावर गरजेपुरतं दुसऱ्याचं घेणं ही चोरीच नव्हे.

कुणी म्हणेल, जमीनदार कुठे ख्रिस्ती होते? नव्हतेच. पारशी, इराणी, हिंदू, मुसलमान, सगळ्या धर्मांचे होते. पण राज्य कुणाचं होतं? १९३९ च्या अखेरीला काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर मुंबई इलाखा गव्हर्नरच्या हातात गेला, १९४५ ला तिथे सर जॉन कोलव्हिल होते. ख्रिस्ती शिकवणीत केलेलं पाप असतं तसं न केलेलंही असतं. जे करायला हवं होतं ते माहीत असून केलं नाही, तर तेही कबूल करावं लागतं. सिमिंग्टनचा अहवाल सहा वर्षं सरकारदरबारी पडून होता. गोऱ्या साहेबाला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोयच उरली नव्हती. सरकार हललं ते १० ऑक्टोबर १९४५ ला, तलवाड्याला, आणि तेही बंदुका घेऊन. जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी गेले.

पाप कबूल केलं की सुटलं, अशी ख्रिस्ती लोकांची चेष्टा केली जाते. ती अर्धवट माहितीवरची आहे. चोरलेलं परत करायची तयारी नसेल तर नुसत्या कबुलीला किंमत नाही, हे ऑगस्टीनपासून सांगितलं गेलंय. जकातदार जक्कयची गोष्ट आठवा. येशू घरी आल्यावर तो रडत बसला नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. आपल्याकडे चौपट सोडा, एकपट तरी कुणी दिलं? वेठ मोडली ती वारल्यांनी स्वतः मोडली. वेठबिगारीचं कर्ज कायद्याने रद्द व्हायला १९७६ उजाडलं.

चर्चच्या बाजूनेही सगळे गप्प राहिले नाहीत. १९७८ ला आपल्या भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांतले प्रदीप प्रभू आधी येशूसंघाचे धर्मगुरू होते. आपल्या लाल बावट्याच्या मुलखात या संघटनेवरून किती भांडणं झाली ते जाणत्यांना माहीत आहे, त्यात आज शिरत नाही. पण प्रवचनातलं पाप मजुरीच्या आणि जमिनीच्या कागदापर्यंत आणणारे लोक त्या बाजूनेही निघाले, एवढी नोंद व्हायला हवी.

आणि उचल घेऊन पळणाऱ्याचं काय? दिवाळीनंतर आपली माणसं वीटभट्टीवर जातात ती बयाणा घेऊनच. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा बयाणा फिटलेला नसतो आणि वही अजून मालकाकडेच असते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मजुरीला पंधरा दिवसांची मुदत घातली. मोशेच्या नियमात ती त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची आहे.

तुमच्या घरात लग्नगडीचं ऐकलेलं-पाहिलेलं सांगणारं म्हातारं माणूस असेल तर लिहून घ्या आणि इथे टाका. मालकाचं नाव नको. गाव, किती उचल घेतली आणि किती वर्षं राबले, एवढंच पुरे.