आधी आकडे, मग पैसे

घर दुरुस्त करायचे आहे, हप्ते फेडण्याइतका पगार आहे, कागदपत्रे चोख आहेत; तरीही बँक कर्ज देत नाही. कारण विचारले तर धड उत्तर मिळत नाही. खरे कारण एवढेच, की तुमची वस्ती नकाशावरच्या लाल रेषेच्या आत येते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अनेक शहरांत असंख्य कुटुंबांच्या वाट्याला हा अनुभव आला. त्या लाल रेषेविरुद्ध साध्या माणसांनी दिलेल्या लढ्याची ही हकीकत. घरांसाठी लोकप्रतिनिधींकडे निधी मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती ऐकण्यासारखी आहे.

ही लाल रेषा आली कुठून? महामंदीच्या काळात, १९३३ साली, अमेरिकी सरकारने लोकांची गहाण घरे वाचवण्यासाठी 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' स्थापन केले. या संस्थेने शहरांचे नकाशे बनवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी आणि सर्वांत धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच. पुढे १९३४ साली गृहकर्जांना विमा देणारे सरकारी खाते निघाले, त्यानेही अशा वस्त्या टाळल्या. आता बघा, कर्ज बंद झाले की डागडुजी थांबते. डागडुजी थांबली की घर खचते. आणि घर खचले की बँक म्हणते, आम्ही कर्ज दिले नाही तेच बरे केले!

शिकागोच्या पश्चिम भागातल्या ऑस्टिन वस्तीत १९६०च्या दशकात हेच चालले होते. दलाल गोऱ्या कुटुंबांना भीती घालून त्यांची घरे स्वस्तात घेत आणि तीच कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने विकत. गेल सिन्कोटा ही सहा मुलांची आई याच वस्तीत राहत होती. मुलांच्या शाळेची दुर्दशा पाहून ती पालक-शिक्षक संघात शिरली. शाळेच्या दुखण्याचे मूळ घरांत आहे आणि घरांच्या दुखण्याचे मूळ बँकेत आहे, हे तिच्या हळूहळू लक्षात आले. शेल ट्रॅप या संघटकाच्या साथीने तिने वस्त्या-वस्त्यांतल्या संघटना जोडल्या. १९७२ साली शिकागोत गृहनिर्माणाच्या प्रश्नावर राष्ट्रीय परिषद भरली, तिला अनेक राज्यांतून सुमारे दोन हजार प्रतिनिधी आले. त्यातूनच 'नॅशनल पीपल्स ॲक्शन' ही संघटना उभी राहिली.

या मंडळींची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती. त्यांनी मागितला हिशेब. आमच्या वस्तीतून तुमच्याकडे ठेवी किती जमा होतात आणि त्यातले कर्जरूपाने आमच्याकडे परत किती येते, एवढेच सांगा. बँका म्हणत, आम्ही भेदभाव करत नाही. लोक म्हणत, करता. आकडा हाती नसेल तर अशा वादाचा निकाल लागत नाही, आणि कोणताही लोकप्रतिनिधी नुसत्या तक्रारीवर कायदा करत नाही.

आधी शहर हलले. शिकागो महापालिकेने १९७४ साली नियम केला, की महापालिकेच्या ठेवी हव्या असतील तर बँकांनी कर्जवाटपाची माहिती उघड करावी. मग मोर्चा वॉशिंग्टनकडे वळला. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर १९७५ साली सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष झाले होते. समितीपुढे सुनावण्या झाल्या, वस्त्यांतल्या माणसांनी आपली माहिती मांडली. ३१ डिसेंबर १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी गृहकर्जांची माहिती उघड करण्याच्या कायद्यावर सही केली. वस्तीसाठी खजिन्यातून काहीच मागितलेले नव्हते. त्यामुळे वस्तीला सरकारी पैसा द्यावा लागेल, ही सबब विरोधकांकडे नव्हती. माहिती का लपवायची, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागले.

आता आकडे हाती आले. १२ ऑक्टोबर १९७७ रोजी अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने 'कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट' आला. बँकेला नवी शाखा काढायची असेल किंवा दुसरी बँक विकत घ्यायची असेल, तर तिने आपल्या भागातल्या गरीब व मध्यम वस्त्यांच्या कर्जाची गरज कितपत भागवली, हे नियामक तपासणार. १९८४ साली शिकागोतल्या एका मोठ्या बँकेला दुसरी बँक घ्यायची होती. वस्ती संस्था आकडे घेऊन वाटाघाटीला बसल्या आणि पाच वर्षांत बारा कोटी डॉलर वस्त्यांत कर्जाऊ देण्याचा करार झाला.

आकड्यांचे आयुष्य किती मोठे असते तेही पाहा. १९८८ साली अटलांटातल्या एका वृत्तपत्राने याच कायद्याने उघड झालेली माहिती तपासली. सारख्याच उत्पन्नाच्या कृष्णवर्णीयांच्या तुलनेत गोऱ्यांना पाचपट गृहकर्जे मिळत असल्याचे त्यातून दिसले. त्या लेखमालेला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९८९ साली कायदा बदलला आणि अर्जदाराचा वंश व उत्पन्न नोंदवणेही बँकांना बंधनकारक झाले.

सेवाभावी संस्थेने असे राजकारणाच्या दारात जावे का, असे कुणी विचारील. अमेरिकेत त्याला मुभा आहे आणि मर्यादाही आहे. करमाफी असलेल्या संस्थेला निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार १९५४ पासून वर्ज्य आहे. मात्र १९७६च्या कायद्याने, ज्या संस्था हा पर्याय निवडतील त्यांना लहान अंदाजपत्रकात खर्चाच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम कायद्यासाठी आग्रह धरण्यावर खर्चता येते. निःपक्षपाती अभ्यास करून तो सर्वांपुढे ठेवणे तर त्या मर्यादेत धरलेच जात नाही. म्हणजे वस्तीची मोजणी करायला कायद्याची आडकाठी नाही.

थेट निधीचा मार्गही आहे. आपल्या मतदारसंघातल्या ठरावीक कामासाठी रक्कम राखून ठेवण्याची मागणी अमेरिकी खासदार करू शकतो. आपल्याकडच्या खासदार निधीसारखी ती दरवर्षी ठरलेली रक्कम नसते, प्रत्येक काम समितीकडून मंजूर करून घ्यावे लागते. ही प्रथा २०११ साली बंद झाली आणि २०२१ साली नव्या अटींसह परतली. कनिष्ठ सभागृहाच्या नियमांनुसार मागणी जाहीर करावी लागते, खासदाराचा त्यात आर्थिक हितसंबंध चालत नाही आणि स्थानिक पाठिंब्याचा पुरावा जोडावा लागतो. गृहनिर्माण संस्थांनी या दाराने निधी मिळवला. पण २०२४ साली कनिष्ठ सभागृहाच्या विनियोजन समितीने पुढच्या वर्षासाठी गृहनिर्माण खात्याच्या एका प्रमुख निधीतून सेवाभावी संस्थांना वगळले. एका निर्णयाने दार मिटले.

मित्रहो, शिकागोच्या त्या आईने हे फार आधी ओळखले होते. निधी आज मिळतो, उद्या थांबतो. म्हणून लोकप्रतिनिधीकडे जाताना संस्थेने अर्जाच्या आधी वस्तीची वही तयार करावी. घरे किती, गळकी किती, कर्ज किती जणांनी मागितले, किती जणांना नाकारले, याचा हिशेब त्या वहीत असावा. सिन्कोटा २००१ साली गेली. १९७५चा तो कायदा मात्र आजही आहे, आणि कोणत्या वस्तीला किती गृहकर्ज मिळाले, हे त्याच्या आधारे आजही पाहता येते.