बदाम सात : पत्ते वाटण्यापूर्वी ठरवायचे घरचे नियम

पत्त्यांच्या खेळांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. मेंढीकोट, लाडीस किंवा पाच-तीन-दोन या खेळांत हात जिंकायचे असतात. झब्बू, चॅलेंज आणि बदाम सात या खेळांत मात्र हातातील पाने सर्वांआधी संपवायची असतात. या दुसऱ्या वर्गातील सर्वांत सोपा आणि म्हणूनच लहानथोरांना एकत्र बसवणारा खेळ म्हणजे बदाम सात. तो कोणी पुस्तकातून शिकत नाही. आजोळी, चतुर्थीच्या रात्री किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तो पाहून-पाहून येतो. त्यामुळे प्रत्येक घराचे नियम थोडे निराळे असतात आणि दोन घरांची माणसे एका सतरंजीवर बसली की वादाला तोंड फुटते. कोणते नियम घरागणिक बदलतात आणि त्यांचा डावावर काय परिणाम होतो, याची ही मांडणी.

मूळ खेळ

५२ पानांचा संपूर्ण कॅट पिसून, काटून सर्वांना वाटला जातो. ज्याच्याकडे बदामाची सत्ती असेल तो ती मांडून खेळ सुरू करतो. पुढचा खेळाडू तिच्या एका बाजूस बदामाची अठ्ठी किंवा दुसऱ्या बाजूस छक्की लावतो, अथवा दुसऱ्या रंगाची सत्ती उतरवतो. एका पाळीत एकच पान लावायचे. लावण्याजोगे पान नसेल तर ‘पास’ म्हणायचे. सत्तीच्या वर राजापर्यंत सहा आणि खाली एक्क्यापर्यंत सहा पाने असतात. सत्ती अशी बरोबर मधोमध असल्यामुळेच तिच्यापासून आरंभ होतो. ज्याची पाने प्रथम संपतील तो डाव जिंकतो.

आधी नावे ठरवावीत

वादाचे पहिले कारण नियम नसून शब्द असतात. अठराव्या शतकात पवार घराण्याची सत्ता धार आणि देवास येथे स्थिरावली, तिच्याबरोबर मराठी घरेही माळव्यात गेली. नर्मदेच्या उत्तर तीरावरील धरमपुरी हे त्याच धार संस्थानातील गाव. आजूबाजूला हिंदी आणि निमाडी बोलली जाणाऱ्या अशा गावी मराठी आणि हिंदी भाषक एकत्र खेळायला बसले, तर गोंधळ कसा होईल पाहा. मराठीत ‘पान’ म्हणजे कोणताही पत्ता; हिंदीत ‘पान’ म्हणजे बदाम. मराठीत ‘हुकूम’ म्हणजे डावातील वरचढ रंग. हिंदीत ‘हुकुम’ म्हणजे इस्पिक. आपल्या चौकटला तिकडे ‘ईंट’ आणि किलवरला ‘चिडी’ म्हणतात. ‘माझ्याकडे पान नाही’ हे एकच वाक्य एकाला ‘मी पास’ असे वाटेल, तर दुसऱ्याला ‘माझ्याकडे बदाम नाही’ असे. गोव्यातील एखाद्या घरात पोर्तुगीज नावे जाणणारे ज्येष्ठ असतील, तर बदामाला ‘कोपास’ आणि इस्पिकला ‘इस्पादास’ हेही ऐकू येईल. म्हणून चारही रंगांची नावे एकदा मोठ्याने म्हणून घ्यावीत.

पाने असमान आली तर

चौघांत प्रत्येकी १३ पाने येतात आणि प्रश्न उरत नाही. तिघांत एकाला १८ आणि इतरांना १७ पाने मिळतात. पाचांत दोघांना ११ आणि तिघांना १०, तर सहांत चौघांना ९ आणि दोघांना ८. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे वाटणारा दर डावाला बदलणे आणि एकूण डावांची संख्या खेळाडूंच्या पटीत ठेवणे. त्यामुळे जादा पानाचा भार सर्वांवर फिरतो. दुसरा म्हणजे जादा पाने काढून टाकणे. मात्र येथे एक पथ्य पाळावे. मधले पान काढले तर साखळी तुटते आणि पलीकडची पाने कायमची अडकतात. काढायचीच तर टोकाची पाने, म्हणजे एक्के, काढावीत. तिघांत एक, पाचांत दोन आणि सहांत चारही एक्के बाजूला ठेवले की वाटणी समसमान होते.

अडवणुकीचा नियम

हा या खेळाचा खरा कणा. लावण्याजोगे पान हातात असताना पास म्हणता येते का? काही घरांत येते, काही घरांत नाही.

पास ऐच्छिक असेल तर अडवणुकीला मर्यादा राहत नाही. छक्की दाबून ठेवणारा तिच्याखालची पाच पाने रोखतो, अठ्ठी दाबणारा वरची पाच. किलवरची सत्तीच दाबली तर त्या रंगाची उरलेली बाराही पाने थांबतात. सर्वांनीच असे धरून ठेवले तर डाव गोठतो. शिवाय यात चतुर मोठ्यांचे फावते आणि सरळ खेळणारी मुले हरत राहतात.

पास केवळ नाइलाजाने म्हणायचा असेल, तर अडवणूक संपत नाही, ती कौशल्याची होते. हातात लावण्याजोगी दोन-तीन पाने असताना आधी कोणते लावायचे, याची निवड उरतेच. शक्यतो आपल्याच पुढच्या पानांना वाट करून देणारे पान आधी लावावे आणि इतरांना वाट देणारे मागे ठेवावे. सक्तीच्या खेळातही डावपेच जिवंत राहतात ते यामुळे.

मध्यममार्गही आहे. जपानमध्ये ‘शिचि नाराबे’ नावाने हाच खेळ खेळला जातो, तेथे सर्वसाधारणपणे तीन पास चालतात. त्यानंतरही पान लावता आले नाही तर खेळाडू बाद होतो आणि त्याची उरलेली पाने पटावर आपापल्या जागी मांडली जातात. त्यामुळे इतरांची वाट अडत नाही.

सक्ती स्वीकारल्यास खोट्या पासचा दंडही आधीच ठरवावा. दहा गुणांचा दंड पुरेसा आहे. खोटा पास सहसा उघडकीस येतोच, कारण जे पान मागच्या फेरीत लागू शकत होते ते नंतर त्याच हातातून निघते. दंड आधी ठरलेला असेल तर त्या क्षणी आवाज चढत नाहीत.

गुण कसे मोजावेत

एक खेळाडू सुटला की इतरांच्या हातातील पानांचे गुण त्यांच्या नावावर लिहिले जातात. सर्वांत कमी गुणांचा खेळाडू विजयी. एक्क्याचा १, गुलामाचे ११, राणीचे १२, राजाचे १३ आणि बाकीच्यांचे अंकाप्रमाणे, ही पद्धत सर्रास आढळते. ती वरवर निःपक्ष दिसते, पण तशी नाही. प्रत्येक रंगात सत्तीच्या वरच्या सहा पानांचे ६३ गुण होतात, खालच्या सहांचे केवळ २१. म्हणजे वरची बाजू तिप्पट महाग पडते आणि राजे-राण्या वाट्याला आलेला खेळाडू मूळचाच तोट्यात असतो. मोजके डाव खेळायचे असतील तर दर पानाला एक गुण धरणे अधिक न्याय्य. रात्रभर खेळायचे असेल तर अंकाप्रमाणे मोजावे. अनेक डावांत नशीब समतोल होते.

ठरवून ठेवावे असे

नव्या मंडळींत बसताना पुढील सात बाबी पत्ते वाटण्यापूर्वी कागदावर लिहाव्यात : रंगांची नावे, खेळाची दिशा, जादा पानांची व्यवस्था, पास सक्तीचा की ऐच्छिक, खोट्या पासचा दंड, गुणांची पद्धत आणि एकूण डाव. नियम बदलायचा असेल तर तो दोन डावांच्या मध्ये, सर्वांच्या संमतीने बदलावा. चालू डावात, आणि तोही हरणाऱ्याच्या आग्रहाने, कधीही नाही. रडीचा डाव म्हणतात तो याच वाटेने सुरू होतो. लहान मुलांना सवलत द्यायची असेल तर तीही आधी जाहीर करावी. आयत्या वेळी दिलेली सवलत मुलाला दया वाटते. आधी ठरलेली त्याला हक्क वाटते.