रोजची भाकर : प्रार्थनेतील एका शब्दाचा इतिहास

धर्मग्रंथातील वचन माणसाच्या नित्याच्या जगण्यात कसे मुरते, हे पाहावयाचे असेल तर मोठ्या सिद्धान्तांपेक्षा त्या वचनातील साध्या शब्दांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. देवाचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा अशा उच्च गोष्टी मागून झाल्यावर ती प्रार्थना एकाएकी चुलीपाशी येते आणि त्या दिवसापुरते अन्न मागते. मराठी बायबलने या अन्नाला 'भाकर' म्हटले. या एका शब्दात ख्रिस्ती श्रद्धेच्या येथील वाटचालीचा बराच इतिहास साठलेला आहे.

मूळ ग्रीकमध्ये या अन्नाला लावलेले 'एपिऊसिओस' हे विशेषण अत्यंत दुर्मिळ. त्याचा अर्थ 'आजचे', 'येणाऱ्या दिवसाचे' की 'जगण्यास आवश्यक तेवढे', यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने लॅटिन पाठ सिद्ध केला, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानात त्याने या शब्दासाठी 'रोजचे' असा अर्थ ठेवला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र 'भौतिकापलीकडचे' अशा अर्थाचा शब्द योजला. हे मागणे पोटाचे की आत्म्याचे, हा प्रश्न असा फार जुना आहे.

हा प्रश्न घेऊनच ही प्रार्थना सोळाव्या शतकात गोमंतकात रुजली. गव्हाचा पाव येथे पोर्तुगीजांबरोबर आला. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. मिस्साविधीतील भाकर गव्हाचीच असावी, असा रोमन चर्चचा दंडक. परंतु सासष्टीच्या कुळाचे अन्न पेज आणि भात. कोंकणी प्रार्थनेत आज ऐकू येतो तो शब्द 'पाव' नव्हे, 'गिरास', म्हणजे आपला 'ग्रास'. वेदीवर गहू आणि ओठांवर ग्रास, अशी ही जोडी झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीचा आश्रय केला तो याच जाणिवेने. श्रद्धा परकी असली तरी तिचा घास ओळखीचा असावा लागतो.

घाटावर ख्रिस्ती मिशने आली ती पुढे, एकोणिसाव्या शतकात. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथून निघाला. मग मुंबईच्या मिशनऱ्यांनी भाषांतराचे काम हाती घेतले. या परंपरेत पुढे स्थिरावलेला शब्द 'भाकर'. तो किती अचूक आहे, हे योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचताना कळते. पाच हजारांना जेवू घातल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या पाच भाकरी जवाच्या होत्या, हे एकटा योहानच सांगतो. जव हे पॅलेस्टाईनमधील गरिबाचे धान्य. त्याला येथे प्रतिरूप शोधावयाचे तर ज्वारी-बाजरीच. मीठभाकर खाणाऱ्याला आणि भाकरतुकडा ओवाळून टाकणाऱ्याला हा शब्द कोणी समजावून द्यावा लागला नाही.

याच शब्दावरून पुढे टोमणाही निघाला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात अनेक महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा 'हे भाकरीसाठी बाटले' असे त्यांना हिणविले गेले. या टोमण्यात इतिहासाचा काही अंश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. दुष्काळात भुकेलेला मनुष्य अन्न देणाऱ्या दाराशी जातो. परंतु भूक आणि श्रद्धा यांची अशी फारकत ज्या प्रार्थनेने केली नाही, तीच प्रार्थना त्यांच्या ओठी होती. पोटाचे मागणे पित्यापुढे मांडण्यात कमीपणा नाही, हेच तर तिचे शिक्षण. ज्यांचा अन्नाचा प्रश्न वतनाने आणि कोठाराने पिढ्यान्‌पिढ्या सोडविलेला होता, त्यांनी भुकेच्या मागणीला हलके म्हणावे, यात आम्हांस न्याय दिसत नाही.

पंडिता रमाबाईंना ही भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकामागोमाग गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणून केडगावच्या मुक्ती सदनाशी जोडल्या. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते वाचता यावे, हा त्यांचा आग्रह. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतची ही पंडिता पांडित्य बाजूस ठेवून दुष्काळातून आलेल्या मुलींच्या भाषेकडे वळली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

भाकरीहूनही अवघड शब्द तिच्या आधीचा आहे : 'आमची'. प्रार्थना 'माझी भाकर' मागत नाही. पंक्तिभेदाच्या समाजात हे अनेकवचन पचविणे सोपे नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपले सोवळे कसे सुटत गेले, ते मोकळेपणाने सांगितले आहे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु कोणाच्या हातचे खावे, हा निर्णय त्यांच्या मनाने त्याआधीच केला होता. ख्रिस्ती झाल्यावरही जात अनेक घरांतून गेली नाही. ती प्रार्थना रोज म्हणणाऱ्यांच्या पंक्तीतही ती बसली, हेही या इतिहासातच नमूद केले पाहिजे.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात, अरण्यात मिळालेला मान्ना साठविणाऱ्यांच्या भांड्यात दुसऱ्या सकाळी किडे पडले, अशी कथा आहे. रोजच्यापुरते मागावे आणि सर्वांसाठी मागावे, या दोन गोष्टी तेथपासून या प्रार्थनेपर्यंत आल्या आहेत. गोमंतकातील ग्रास आणि देशावरील भाकर यांनी ते मागणे आपापल्या चुलीवर शिजवून घेतले. म्हणून धर्म कोणताही असो, मराठी वाचकाला ते परके वाटू नये.