सुरईची मान, ट्रकचे डोळे

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. फळ्यावर सुराही काढून तिचे भाग विचारले की मुले सांगतात : मुँह, गर्दन, पेट. शेजारच्या मराठी शाळेतली मुले तोंड, मान, पोट म्हणतील. कपाला कान, कंगव्याला दात, खुर्चीला हात-पाय. लिप्या दोन, पण वस्तूत माणूस पाहणारी नजर एकच.

आपल्या खानदेशात ही नजर रस्त्यावर ठळक दिसते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावला जातो. 1954 साली टाटांनी जर्मन डेम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे दात, हे कोणी शिकवावे लागले नाही. पेंटरने त्यावर भुवया काढल्या, नजर लागू नये म्हणून शिंगे असलेला राक्षसही रंगवला. ज्या घरांत भिंतीवर चेहऱ्याचे चित्र लावत नाहीत, त्यांच्या दारातही असे ट्रक उभे राहिले.

त्याच 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ काढला. 1951 च्या जनगणनेत देशात शंभरांत जेमतेम अठरा जण साक्षर होते. डब्यावरचे नाव न वाचणाराही गट्टूला ओळखू शकत होता.

शास्त्रज्ञांनी याची कसोटी नंतर घेतली. जन्मून तासही न झालेली बाळे चेहऱ्यासारख्या आकृतीमागे अधिक दूरपर्यंत नजर फिरवतात, असे इंग्लंडमधील संशोधकांनी 1991 मध्ये दाखवले. 2008 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी लोकांना मोटारींचे पुढचे भाग दाखवले. लोकांनी त्यांत वय, दरारा, राग वाचला. पुढे 2012 मध्ये हाच प्रयोग इथिओपियातही झाला. मोटारींच्या जाहिराती फारशा न पाहिलेल्या तिथल्या माणसांची उत्तरेही पुष्कळशी तशीच आली.

म्हणजे हा भोळेपणा नव्हे, ही माणसाची जात आहे. पण व्यापाऱ्याला ती चांगली ठाऊक असते. आमची पहिलीतली मुले दुकानात हसरा चेहरा पाहूनच पुडा मागतात. म्हणून आम्ही रिकामी वेष्टने वर्गात आणतो. आधी विचारतो, तुमच्याकडे कोण पाहते आहे? मुले हसतात. मग पुडा उलटवून किंमत, वजन आणि तारीख वाचायला लावतो. चेहरा वाचायला मुले घरूनच शिकून आलेली असतात. मागची बारीक अक्षरे शिकवणे आमच्याकडे राहते.