देवळाचा चौक आणि गोमंतकाची उत्सवी रंगभूमी

कोणत्याही देवस्थानाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे स्थलांतर, जीर्णोद्धार, कलशारोहण, पालखी, रथ आणि देणगीदार महाजनांची नामावळी यांचा क्रम ठरलेला असतो. हे सर्व लिहिले गेलेच पाहिजे. परंतु श्रींची शेवटची आरती आटोपल्यावर, सभामंडपासमोरच्या चौकात माडांच्या झावळ्यांच्या मांडवाखाली पहाटेपर्यंत जे चालत असे, त्याचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. वास्तविक गोमंतकीय हिंदू समाजाने आपली मराठी भाषा, आपले पुराणज्ञान आणि आपली गायनकला सुमारे चार शतके ज्या जागी सांभाळली, ती जागा म्हणजे हा चौकच होय. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या चौकाचे ऋण मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

स्थलांतराबरोबर आलेला उत्सव

सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश या जुन्या काबिजादीत देवळांचा उच्छेद सुरू झाला. तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आला. श्रीमहालसा वेर्णे सोडून म्हार्दोळास, श्रीशांतादुर्गा केळोशी सोडून कवळ्यास आणि श्रीदामोदर मडगाव सोडून जांबावलीस गेला. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता. पुढे तो सोंदेकरांकडे आला आणि १७६३ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला, तेव्हा देवळांस व धर्माचारास हात न लावण्याचे अभिवचन दिले गेले. म्हणूनच या भागातील उत्सवपरंपरा अखंड राहिली.

देवाबरोबर केवळ मूर्ती आली नाही, तर वर्षाचे सारे चक्र आले. नगारखान्यातील चौघडा, पालखीपुढील सनई, नवरात्रात रोज रात्री कीर्तनानंतर वाद्यांच्या गजरात झुलणारे मखर, शिशिरोत्सवातील गुलाल, आणि जत्रेच्या अखेरीस काला. देवळाच्या सेवेत वाजंत्री होते, कीर्तनकार होते, कलावंत स्त्रिया होत्या, देवळी होते. प्रत्येकाची सेवा ठरलेली आणि तिचा मोबदला बहुधा जमिनीच्या उत्पन्नावर लावून दिलेला. आज ज्यास आपण ‘मनोरंजनाचा कार्यक्रम’ म्हणतो, तो त्या काळी पूजेचाच एक भाग होता. प्रेक्षक समोर बसत, पण प्रयोग देवासाठी होत असे.

काला

या चौकातील सर्वांत जुने नाट्यरूप म्हणजे दशावतारी काला. आरंभी सूत्रधार येतो. मग ऋद्धि-सिद्धींसह गणपती, त्यामागून मोरावर आरूढ झालेली सरस्वती आणि ब्रह्मदेव असा क्रम असतो. पुढे काळ्या वेषातील संकासुर वेद पळवितो व विष्णू त्याचा वध करतो. तद्नंतर पुराणातील एखादे आख्यान रंगते आणि पहाटे दहीकाल्याने समाप्ती होते. लिखित संहिता नाही, तालीम नाही. कथानक तेवढे ठरलेले, संवाद जागच्या जागी सुचतील ते.

यातील भाषेची वाटणी मोठी लक्षणीय आहे. देव, राजे व ऋषी हे भारदस्त मराठीत बोलतात, तर संकासुर गावच्या बोलीत बोलतो व कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता थट्टा करतो. गावातील कुळकर्णी असो, सावकार असो वा महाजन असो, त्या एका रात्री संकासुराच्या जिभेतून कोणाचीही सुटका नसे, आणि त्याचा राग धरणे हे कमीपणाचे मानले जाई. आपल्या घरी कोंकणी आणि देवळात व पोथीत मराठी, ही जी दोन भाषांची सवय आपणास आहे, तिचे शिक्षण अक्षरओळख नसलेल्या माणसासही या काल्यातून मिळत गेले.

संगीत नाटकाचे आगमन

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले. येथून मराठी नाटकाचा इतिहास सांगण्याची पद्धत आहे. गोमंतकात त्याच सुमारास डोंगरीचे कवी कृष्णंभट्ट बांदकर (१८४४ ते १९०२) ‘शुकरंभासंवाद’, ‘अहल्योद्धार’ अशी पदांनी भरलेली नाटके लिहीत होते. त्यांच्यापुढे व्यावसायिक मंडळी नव्हती, तिकीटविक्री नव्हती. होता तो गावचा उत्सव. याच डोंगरीत पुढे विष्णू सूर्या वाघ यांच्यासारखा नाटककार जन्मावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्या गावच्या चौकात नाटक मुरले, तेथे ते पुनःपुन्हा उगवते.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘एकच प्याला’ ही नाटके गोव्यातील खेड्याखेड्यांत पोचली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील धार्मिक निर्बंध सुटले, खाजगी मराठी शाळा निघू लागल्या, आणि उत्सवी नाटकास भरती आली.

ही नाटके उभी राहात त्याची रीत आजच्या तरुणांस सांगावयास हवी. उत्सवाच्या दोनतीन महिने आधी नाटक निश्चित होई. भूमिकांची वाटणी हा गावातील मोठा वादाचा विषय असे. दिवसभर शेतात, दुकानात वा कचेरीत राबलेली माणसे रात्री अग्रशाळेत तालमीस जमत. ज्यांस वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेऊन पानेच्या पाने मुखोद्गत करीत. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे बाहेरून नटी आणण्याची प्रथा पडली. पडदे व पोषाख भाड्याने येत. गॅसबत्त्यांच्या उजेडात, देवापुढे नारळ ठेवून व गाऱ्हाणे घालून पडदा वर जाई. विंगेत प्रॉम्प्टर व पायपेटीवाला हे दोघे जण साऱ्या प्रयोगाचा भार वाहात. खाज्यांच्या दुकानांचे दिवे विझत, तरी प्रेक्षक उठत नसत. एखादे पद तीनतीनदा मागून घेतले जाई.

महाजन खर्चाचा वाटा उचलीत, हे खरे. पण नाटक उभे राही ते रंगमंच बांधणाऱ्या, झावळ्या विणणाऱ्या, पडदे ओढणाऱ्या आणि तोंडास रंग लावणाऱ्या साऱ्या गावामुळे. एरवी ज्यांचा देवळातील प्रवेशही ठराविक पायरीपर्यंतच असे, त्यांतील कित्येक जण त्या रात्री राजाच्या सिंहासनावर बसत.

सेन्सॉरच्या काळात

सालाझारच्या राजवटीत छापील अक्षरावर कडक नजर होती. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे. मग नाटकाच्या जाहिरातीचे काय सांगावे! सभेस बंदी, भाषणास बंदी. अशा वेळी शेकडो माणसे रात्रभर एकत्र बसून मराठी ऐकू शकत, अशा थोड्या जागांपैकी देवळाचा चौक ही एक होती. ब्रिटिश हद्दीत खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली, ती प्रेक्षक पुराणातून वर्तमान वाचू लागले म्हणून. ती कला गोमंतकीय प्रेक्षकासही अवगत होती. कंसाचा वा रावणाचा दर्प उतरताना टाळ्या कोठे पडत, हे ज्यास समजावयाचे त्यास समजे.

१९५५ नंतर नाकेबंदीमुळे मुंबई-पुण्याशी येजा जवळजवळ थांबली. बाहेरच्या मंडळ्यांची वाट दुर्घट झाली. त्या साडेसहा वर्षांत गोमंतकातील मराठी रंगभूमी तगली ती गावोगावच्या उत्सवी नटांच्या भरवशावर. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती झाली आणि १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली. तिच्या मराठी नाट्यस्पर्धांस जो नटसंच मिळाला तो आकाशातून पडलेला नव्हता. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनने पुढे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) व ‘नटसम्राट’ (१९७०) यांसारखी नाटके रंगभूमीवर आणून अखिल महाराष्ट्रास दिपविले, त्यामागेही उत्सवी नाटकावर पोसलेली गोमंतकीय हौस होती.

ज्यांची नावे वहीत नाहीत

आता थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या देवस्थानांचा कारभार ३० मार्च १९३३ च्या महाजनी कायद्याच्या चौकटीत चालत आला आहे. त्या कायद्याप्रमाणे महाजनांचा कातालोग असतो आणि त्यात नाव असणे हा आपण मान समजतो. जमाखर्चाच्या ज्या जुन्या वह्या प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आल्या, त्यांत तेल, फुले, दारूकाम यांच्या रकमा पैपर्यंत आहेत. कलेचा उल्लेख येतो तो ‘वाजंत्री’, ‘कीर्तन’, ‘नाटक’ अशा एकेका शब्दाने. सनई कोणी वाजविली, गायिका कोण होती, हे वहीस ठाऊक नाही.

आणि त्या गायिका कोण होत्या? केरीच्या केसरबाई केरकर (१८९२ ते १९७७) यांची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. कुर्डीच्या मोगूबाई (१९०४ ते २००१) बालवयात चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत उभ्या राहिल्या आणि पुढे जयपूर घराण्याच्या आधारस्तंभ झाल्या. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात भूमिका करून स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा पायंडा दृढ केला. मंगेशीच्या दीनानाथांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांच्या मातोश्री येसूबाई देवळाच्या सेवेतील गायिका होत्या. पर्वतच्या खाप्रूमामांची लयकारी ऐकून मोठमोठे उस्ताद थक्क होत. ‘लयभास्कर’ ही पदवी त्यांस मिळाली. मंगेशीसच कीर्तनकाराच्या घरी वाढलेले जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ व ‘कट्यार काळजात घुसली’ यांच्या संगीताने नाट्यपदास नवे आयुष्य दिले.

यांतील बहुतेकांचा उगम देवळाच्या सेवेशी जोडलेल्या घरांत आहे. ज्या समाजाने हे स्वर घडविले, त्या समाजाच्या मुलींस देवाच्या नावाने वाहण्याची चाल होती. लग्न, घर व बापाचे नाव ही साधी सुखे त्यांस नाकारली जात, आणि त्या अन्यायाचे लाभधारक कोण होते हे आपणांस ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या समाजातील राजाराम पैंगीणकरांसारख्या धैर्यवान पुरुषांनी ही चाल मोडण्यासाठी कंबर कसली. विविध सेवेकरी घटक एकत्र येऊन गोमंतक मराठा समाज उभा राहिला आणि शिक्षणाच्या जोरावर पुढे आला. त्यांनी देवळाची ती सेवा सोडली हे योग्यच केले. काही जुनी मंडळी ‘आता पूर्वीचे गाणे राहिले नाही’ म्हणून हळहळतात. त्या गाण्याची किंमत कोणी भरली, याचा विचार त्या हळहळीत असावा, एवढेच म्हणणे आहे.

आजची स्थिती

उत्सवी नाटक संपले असे नाही. फोंडे महालात व अन्यत्र आजही जत्रेच्या काळात रात्रीमागून रात्री प्रयोग होतात. जांबावलीच्या गुलालानंतर नाटकास गर्दी होते. २०१९ मध्ये शासनाने घुमटास राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. घोरपडीच्या कातड्यास कायद्याने बंदी असल्याने आता बकऱ्याचे कातडे ताणले जाते आणि घुमट आरतीचे नवे संच तयार होतात. या समाधानाच्या गोष्टी आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी तालमीची जागा ठेक्याने आणलेल्या मंडळीने घेतली आहे. २०२० व २०२१ या साथीच्या वर्षांत उत्सव देवळापुरते उरले आणि कित्येक गावांची वहिवाट खंडित झाली. मुलांच्या परीक्षा, दूरच्या नोकऱ्या व घरोघरचे पडदे यांपुढे तीन महिन्यांची तालीम टिकणे कठीण आहे.

कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा गावकरी तेथील सोमेश्वराच्या स्थानी जमतात आणि कोणाचे घर कोठे होते हे मुलांस दाखवितात. आपल्या चौकाच्या बाबतीत तेवढेही साधावयाचे असेल, तर आज नावे सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवरच ते करावयास हवे.

म्हणून महाजन मंडळीस नम्र विनंती अशी की, कातालोगाच्या शेजारी आणखी एक वही असावी. तीत प्रत्येक वर्षी झालेले नाटक, त्यातील पात्रे, पायपेटी व तबल्याचे साथीदार, प्रॉम्प्टर, कीर्तनकार, सनई-चौघड्याचे वादक आणि मांडव घालणारे यांची पूर्ण नावे लिहिली जावीत. वृद्ध नटांकडून व सेवेकरी घराण्यांकडून मागील वर्षांची माहिती विचारून घ्यावी. घरोघरी कपाटात पडलेली हस्तपत्रके, नकलांच्या वह्या व छायाचित्रे देवस्थानच्या कचेरीत जमा करावीत. यास मोठा निधी लागत नाही. एक जाड वही, एक सुवाच्य अक्षराचा माणूस आणि संध्याकाळचे दोन तास पुरेसे आहेत. येत्या उत्सवाच्या पहिल्या दिवशी, श्रींपुढे नारळ ठेवून ती वही उघडावी, आणि तिच्या पहिल्या पानावर महाजनांऐवजी त्या दिवशी पहाटे चौघडा वाजविणाऱ्याचे नाव असावे.