बातमीचा इतिहास कोणी लिहायचा? : जेम्स केरी यांचा वारसा

१९७४ साली अमेरिकेत वृत्तपत्रांच्या इतिहासाला वाहिलेले ‘जर्नलिझम हिस्टरी’ हे नियतकालिक सुरू झाले. पहिल्या अंकात शुभेच्छापर लेख लिहिण्याची रीत सर्वत्र आहे. जेम्स केरी यांनी मात्र घरचा आहेर दिला. त्यांचे म्हणणे असे की, वृत्तपत्रांचा इतिहास म्हणून आपण एकच कथा पुन्हा पुन्हा सांगत आलो आहोत : आधी दडपशाही, मग निर्भय संपादक, मग कायद्याशी झगडा आणि अखेर मुद्रणस्वातंत्र्याचा विजय. ही कथा खोटी नाही, पण तिच्यात बातमी कुठे आहे? कोणत्या काळी कोणती घटना सांगण्याजोगी वाटली, ‘वस्तुस्थिती’ म्हणून काय ग्राह्य धरले गेले, बातमीदाराचे वाक्य कसे घडले, हा इतिहास कोणी लिहायचा?

प्रश्न अमेरिकेतला असला तरी आपल्याला परका नाही. रा. गो. कानडे आणि रा. के. लेले यांच्या इतिहासग्रंथांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. ‘दर्पण’पासूनची वाट त्यांच्यामुळेच दिसते. पण या परंपरेचा कणा नियतकालिके, संपादक आणि त्यांचे लढे हाच राहिला. अग्रलेखाला इतिहास मिळाला, बातमीला मिळाला नाही.

केरी यांचा जन्म १९३४चा, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातला. हृदयविकारामुळे लहानपणी त्यांची शाळा जवळजवळ बुडालीच. पुढे इलिनॉय विद्यापीठात ते संज्ञापनविद्येच्या महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले आणि १९९२नंतर २००६मधील निधनापर्यंत कोलंबिया विद्यापीठात राहिले. त्या काळी त्यांच्या क्षेत्रात मोजमापाचा बोलबाला होता. संदेश कुणी पाठवला, कुणापर्यंत पोचला, परिणाम किती झाला, एवढ्यावर अभ्यास थांबत असे. १९७५च्या एका निबंधात केरी यांनी याला संवादाची ‘वहना’ची कल्पना म्हटले आणि तिच्यासमोर दुसरी ठेवली, ‘विधी’ची. वृत्तपत्र वाचणे म्हणजे केवळ माहिती घेणे नव्हे, तर एका सामायिक जगात रोज हजेरी लावणे. त्यांनी उपमा दिली ती चर्चमधल्या उपासनेची. आपल्याकडे कीर्तन आठवावे. सुदाम्याच्या पोह्यांचे पुढे काय झाले, हे ऐकायला कोणी कीर्तनाला बसत नाही.

उपमा सुंदर आहे, पण इथेच मला केरी अपुरे वाटतात. विधी म्हटला की आत कोण आणि उंबऱ्याबाहेर कोण, हा प्रश्न आलाच. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे ‘मूकनायक’ हे नावच सांगते की, तोवरच्या सामायिक जगात किती जणांना आवाज नव्हता. समाज बातमीतून घडतो हे केरी सांगतात, पण तो कुणाला वगळून घडतो, याकडे त्यांचे लक्ष कमी आहे.

त्यांचे सर्वांत भक्कम काम मला १९८३चा तारायंत्रावरचा निबंध वाटतो. तोवर निरोप माणसाच्या, घोड्याच्या, आगगाडीच्या किंवा जहाजाच्या वेगानेच जाई. काही मोजके अपवाद सोडले, तर दळण आणि वळण एकच होते. तारेने ती फारकत केली. याचे परिणाम केरी यांनी बाजारात शोधले. दोन गावांच्या भावांतली तफावत तारेमुळे आटली, तेव्हा सट्टा जागेवरून काळाकडे सरकला आणि वायदेबाजार फोफावला. परिणाम त्यांनी भाषेतही शोधले. वृत्तसंस्थेची तार निरनिराळ्या मतांच्या पत्रांना विकायची असल्याने तिच्यातून स्थानिक बोलीचा रंग आणि लेखकाचा सूर गळाला. आपण जिला ‘वस्तुनिष्ठ’ शैली म्हणतो, तिच्यामागे नीतीइतकाच व्यापारही होता.

आणि परिणाम घड्याळातही होते. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळेचे पट्टे लागू केले आणि गावोगावची सूर्याची वेळ मागे पडली. हे वाचताना मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिकेने जुनीच वेळ धरून ठेवली आणि शहरात दोन घड्याळे चालू राहिली. हा हट्ट १९५५पर्यंत टिकला. त्या काळातल्या मराठी पत्रांत सभेची, गाडीची, संपाची वेळ कोणत्या घड्याळाने छापली जाई, आणि तारेने आलेल्या मजकुराशेजारी मुंबईच्या बातमीदाराचे मराठी कसे दिसे, हे जुन्या फायली उलगडून कोणी तरी एकदा ओळीने वाचायला हवे. कागद आता बोट लावताच तुटू लागला आहे.