दुसऱ्या मताचे काय करावे? : भंडारा, १९५४

मतदान सक्तीचे असावे काय, या विषयावर महाविद्यालयांतून वादविवाद स्पर्धा होतात, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे उदाहरण हटकून येते. भंडाऱ्याचे येत नाही. साकोलीच्या विद्यार्थ्याने मात्र आधी १९५४ च्या पोटनिवडणुकीकडे पाहावे असे मला वाटते.

भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि लोकसभेचा हा मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. १९५२ ची येथील निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये रद्द ठरवली. कारणे दोन, आणि दोन्ही अस्सल इथल्या मातीची. विजयी झालेले चतुर्भुज जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचे सरकारला विड्या पुरवण्याचे करार होते. दुसरे कारण गंगाराम ठवरे यांच्या अर्जाचे. ते महानुभाव पंथात गेले, म्हणून महार उरले नाहीत, असे ठरवून त्यांचा राखीव जागेचा अर्ज फेटाळला गेला होता. पंथ स्वीकारूनही ते महारच राहिले, असा निर्णय न्या. विव्हियन बोस यांच्या निकालपत्राने दिला. (चक्रधरांचे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी हे निकालपत्र अवश्य वाचावे, त्यावर स्वतंत्रच लिहायला हवे.)

या रिकाम्या झालेल्या जागांसाठी पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता.

तेव्हाची मतदानाची रीत समजल्याशिवाय पुढचा पेच कळत नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास एक बाद होई. राखीव जागा त्या वर्गातील सर्वाधिक मते मिळवणाऱ्यास मिळे, आणि उरलेली जागा बाकीच्या सर्वांत जो पुढे असेल त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे आंबेडकरांच्या मतदाराने दुसरे मत मेहतांना दिले, तर तो आपल्याच नेत्याचा प्रतिस्पर्धी बळकट करीत होता. सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देतील याची तर शाश्वती नव्हतीच. तेव्हा दुसरे मत वाया घालवावे, असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता. पराभव पत्करेन, पण मत कुजवायला सांगणार नाही, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतल्याचे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते. यामागे ताजी जखमही असावी. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला होता आणि बाद झालेल्या ७४ हजारांवर मतांविषयी त्यांनी व मेहतांनी निवडणूक अर्जही केला होता.

भंडाऱ्यात काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले. अंतर सुमारे आठ हजारांचे. मेहता लोकसभेत गेले. बाबासाहेब गेले नाहीत.

येथे एक विसंगती दिसते. लोकप्रतिनिधित्वाच्या विधेयकावरील चर्चेत मतदान सक्तीचे करण्याची सूचना आली होती. व्यावहारिक अडचणी दाखवून आंबेडकरांनीच ती नाकारली. कायद्याने जे लादायला ते तयार नव्हते, ते स्वतःच्या अनुयायांकडून मात्र त्यांनी अपेक्षिले. मला ही विसंगती वाटत नाही. दंडाची भीती आणि नेत्याचा शब्द या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तरीही कार्यकर्त्यांचा आग्रह अज्ञानाचा नव्हता, हे नोंदवले पाहिजे. मत न देणे हाही त्यांच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेला वापर होता. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीक्रम लिहावाच लागतो. ती सक्ती येथे असती तर त्यांना हा विचारही करता आला नसता.

व्यावहारिक अडचणी म्हणजे काय, हे आमच्या भागात वेगळे सांगावे लागत नाही. मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातच येतो, आणि लोकसभेची निवडणूकही बहुधा तेव्हाच. पहाटे रानात गेलेल्या बाईला दंड कोण करणार? गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी शंभर रुपये दंडाचे नियम २०१५ मध्ये केले होते. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यांना स्थगिती दिली.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले, त्यांच्याबरोबर दुसरे मतही. २०२४ मध्ये साकोली विधानसभेचा निकाल २०८ मतांनी लागला, तेव्हा गावात चहाच्या टपरीवर न गेलेल्यांची मोजदाद चालली होती. कोण रानात होता, कोण पुण्याला, आणि कोण घरातच.